ज्येष्ठ व नवोदित खेळाडूंमधील संधीवाटप (मुंबई क्रिकेट)

ज्येष्ठ व नवोदित खेळाडूंमधील संधीवाटप हा सांघिक खेळांतील निवडप्रक्रियेचा एक मूलभूत प्रश्न आहे. सूर हरपलेल्या पण कर्तृत्व सिद्ध केलेल्या अनुभवी खेळाडूला संघात कितपत ठेवावे आणि उदयोन्मुख खेळाडूला किती सामने द्यावेत, याचा निर्णय कर्णधार, प्रशिक्षक व निवड समिती यांना वारंवार घ्यावा लागतो. मुंबईच्या क्रिकेटमध्ये गुणी खेळाडूंची संख्या नेहमीच उपलब्ध जागांपेक्षा अधिक राहिल्याने हा प्रश्न तेथे विशेष तीव्रतेने जाणवतो. १९७१चा वेस्ट इंडीज दौरा, अजिंक्य रहाणे व श्रेयस अय्यर यांच्यातील मधल्या फळीची जागा आणि जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्माच्या पुनरागमनामुळे आयुष म्हात्रेला सोडावे लागलेले स्थान ही त्याची ठळक उदाहरणे होत.

प्रश्नाचे स्वरूप

क्रिकेटच्या अंतिम अकरांतील जागा अविभाज्य असते. सामना सुरू झाल्यावर बाहेर बसलेला खेळाडू क्षेत्ररक्षणासाठी मैदानात उतरू शकतो. मात्र डोक्याला इजा झाल्यास मिळणाऱ्या बदली खेळाडूसारखे अपवाद वगळता त्याला फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. त्यामुळे ज्येष्ठ खेळाडूला दिलेला सामना हा त्या जागेच्या दावेदाराकडून काढून घेतलेला सामना ठरतो.

बेसबॉलमध्ये परिस्थिती वेगळी असते. अमेरिकेतील प्रमुख साखळीत प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. तेथील प्रशिक्षक एकाच जागेवर दोन खेळाडू आलटून पालटून उतरवू शकतो, समोरचा गोलंदाज डावखुरा आहे की उजवा हे पाहून निवड करू शकतो आणि ज्येष्ठाला आठवड्यातून एखादा दिवस विश्रांती देऊ शकतो. तरीही एखादा दिवस निर्णायक ठरतोच. २ जून १९२५ रोजी न्यूयॉर्क यांकीज संघाने पहिल्या तळावरचा अनुभवी खेळाडू वॉली पिप याच्या जागी तरुण लू गेहरिगला उतरवले. त्याच्या आदल्या दिवशी सुरू झालेली गेहरिगच्या सलग सामन्यांची मालिका २,१३० सामन्यांपर्यंत चालली. पिपला ती जागा पुन्हा मिळाली नाही.

रणजी करंडकात एवढी सवड नसते. २०२४-२५च्या हंगामात एलिट गटातील प्रत्येक संघाला साखळी फेरीत सात सामने होते. म्हणजे फलंदाजाला जास्तीत जास्त चौदा डाव मिळू शकत होते आणि पावसाने वा डावाच्या विजयाने त्यांत घट होण्याची शक्यता होती. अशा हंगामात दोन सामने बाहेर बसणे म्हणजे चार डावांची संधी गमावणे होय.

ज्येष्ठाची घसरण तात्पुरती आहे की कायमची, हे ती चालू असताना निश्चितपणे ओळखता येत नाही, ही दुसरी अडचण. फलंदाजाच्या धावा सरासरीभोवती सारख्या विखुरलेल्या नसतात. थोड्या मोठ्या खेळी आणि पुष्कळ लहान खेळी मिळून सरासरी बनते. परिणामी चांगल्या फलंदाजाच्या कारकिर्दीतही सलग चार-पाच अपयशी डाव येतात. नवोदिताच्या बाबतीत याउलट अडचण असते: त्याचे डाव इतके थोडे झालेले असतात की दोन शतकांवरून त्याच्या पुढील वाटचालीची खात्री देता येत नाही.

मुंबईची पार्श्वभूमी

मुंबईने १९३४-३५ मध्ये रणजी करंडकाची पहिली स्पर्धा जिंकली. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात तिने सलग पंधरा वेळा हे विजेतेपद मिळवले आणि मार्च २०२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा करंडक पटकावला. या यशामागे शालेय पातळीवरील हॅरिस व गाइल्स ढाल स्पर्धा, पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा साखळी (स्थापना १९४८) आणि विविध कार्यालयांच्या संघांतील चुरस यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वी या क्रिकेटचे केंद्र दादर, शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी आणि दक्षिण मुंबईतील मैदाने येथे होते. पुढे वस्ती उत्तरेकडे सरकली तसे खेळाडूही उपनगरांतून येऊ लागले. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबांकडे लहानाचा मोठा झाला. बोरिवलीच्या गोराई भागातील शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या हाताखाली तो तयार झाला. तेथून खाडी ओलांडली की गोराई-मनोरीची गावे लागतात. पृथ्वी शॉ व आयुष म्हात्रे हे त्याही पुढच्या विरार परिसरातले. किटबॅग खांद्यावर टाकून पहाटेच्या लोकलने मैदान गाठणाऱ्या या मुलांच्या दृष्टीने संघातील एका जागेचे मोल फार मोठे असते, कारण तेथवर पोहोचण्यासाठी घरच्यांनीही वर्षानुवर्षे कष्ट उपसलेले असतात.

जागा न मिळाल्याने थांबून राहावे लागलेल्यांची परंपराही मुंबईत दीर्घ आहे. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले; पण त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी भारतीय संघात असल्याने त्यांना एकही कसोटी खेळता आली नाही. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून वाट पाहत बसला होता. त्याने पुढे रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, तरी भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही.

१९७१चा वेस्ट इंडीज दौरा

विजय मर्चंट भारतीय निवड समितीचे अध्यक्ष असताना तरुणांना संधी देण्याचे धोरण जाणीवपूर्वक राबवले गेले. १९६९-७०च्या मायदेशी हंगामात गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, अशोक मांकड, चेतन चौहान व मोहिंदर अमरनाथ यांनी कसोटी पदार्पण केले. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. एकवीस वर्षांचे सुनील गावसकर प्रथमच भारतीय संघात आले.

याच संघात तिशीतील दिलीप सरदेसाई यांचाही समावेश होता. मडगावात जन्मलेल्या व मुंबईकडून खेळलेल्या सरदेसाईंचे कसोटी संघातील स्थान त्या सुमारास डळमळीत झाले होते. नवोदितांना वाव देण्याचे वारे वाहत असताना एका ज्येष्ठ फलंदाजाला नेणे हा धोरणाला मुरड घालणारा निर्णय होता.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले. सरदेसाई व बावीस वर्षीय सोलकर यांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. सरदेसाईंनी २१२, तर सोलकरांनी ६१ धावा केल्या आणि भारताची धावसंख्या ३८७ पर्यंत गेली. पहिला दिवस पावसात वाहून गेल्याने फॉलोऑनसाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. भारताने १७० धावांची आघाडी घेऊन वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर या सामन्यात खेळू शकले नव्हते.

पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत गावसकरांनी पदार्पणात ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या. भारताने सात गडी राखून वेस्ट इंडीजवरील पहिला कसोटी विजय मिळवला. ब्रिजटाउनला पुन्हा सहा गडी स्वस्तात गेल्यावर सरदेसाई (१५०) व सोलकर (६५) यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी केली. मालिकेअखेर गावसकरांच्या नावावर चार कसोटींत ७७४, तर सरदेसाईंच्या नावावर पाच कसोटींत ६४२ धावा होत्या. मालिका भारताने १-० अशी जिंकली.

या दौऱ्याची आठवण बहुधा गावसकरांच्या उदयामुळे निघते. संघनिवडीच्या दृष्टीने पाहता ज्येष्ठ व नवोदित या दोन्ही निवडी एकाच मालिकेत यशस्वी झाल्या, हे तिचे वैशिष्ट्य. सरदेसाईंच्या दोन मोठ्या खेळींना आधार मिळाला तोही सोलकरांसारख्या तरुणाचाच. १९७२ अखेर सरदेसाईंची कसोटी कारकीर्द संपली.

वाडेकर व नेतृत्वाचा शेवट

वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्येच भारताने इंग्लंडमध्येही कसोटी मालिका जिंकली. १९७४च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र भारत ०-३ असा पराभूत झाला व लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात ४२ धावांत गारद झाला. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. ज्येष्ठाला निरोप देताना त्याच्या कर्तृत्वाचा मान कसा राखावा, या चर्चेत हे उदाहरण आजही दिले जाते.

तेंडुलकरोत्तर संक्रमण

सचिन तेंडुलकरने जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला १४६ धावांची खेळी केली. ते त्याचे अखेरचे कसोटी शतक ठरले. त्यानंतर नोव्हेंबर २०१३ पर्यंत तो कसोटी खेळत राहिला. या काळात राखीव फलंदाज म्हणून संघासोबत फिरणाऱ्या रहाणेला पदार्पणासाठी मार्च २०१३च्या दिल्ली कसोटीपर्यंत थांबावे लागले. रोहित शर्माची प्रतीक्षा त्याहून लांबली. फेब्रुवारी २०१०च्या नागपूर कसोटीत तो पदार्पण करणार होता. पण सामन्यापूर्वीच्या सरावात घोटा दुखावल्याने ती संधी हुकली. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलकाता येथे, तेंडुलकरच्या १९९व्या कसोटीत, त्याने पदार्पण करून १७७ धावा केल्या. वानखेडे स्टेडियमवरील तेंडुलकरच्या निरोपाच्या कसोटीत तेंडुलकरने ७४ व रोहितने नाबाद १११ धावा केल्या.

ज्येष्ठांची जागा रिकामी होण्याची वाट पाहणारे हे दोघे पुढील दशकात स्वतः ज्येष्ठ झाले आणि तोच प्रश्न त्यांच्या बाबतीत उभा राहिला.

रहाणे आणि अय्यर

डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला विराट कोहलीच्या अनुपस्थितीत नेतृत्व करताना रहाणेने ११२ धावा केल्या व ऑस्ट्रेलियातील संस्मरणीय मालिका विजयाचा पाया घातला. २०२१ या वर्षात मात्र तेरा कसोटींत त्याची सरासरी २०.८२ इतकी खाली आली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कानपूर कसोटीत कोहलीला विश्रांती मिळाल्याने रहाणे कर्णधार होता. त्याच सामन्यात मुंबईच्या श्रेयस अय्यरने पदार्पण केले. त्याला कसोटी टोपी गावसकरांच्या हस्ते मिळाली. अय्यरने १०५ व ६५ धावा करून पदार्पणाच्या कसोटीत शतक व अर्धशतक झळकावणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. रहाणेने त्या सामन्यात ३५ व ४ धावा केल्या. ज्याच्या जागेचा तो पुढे दावेदार ठरणार होता, त्याच्याच नेतृत्वाखाली अय्यरने पहिला कसोटी सामना खेळला.

मुंबईतील पुढच्या कसोटीत कोहली परतला. स्नायूच्या दुखापतीमुळे रहाणे बाहेर राहिला व अय्यर संघात टिकला. दक्षिण आफ्रिका दौऱ्यापूर्वी रहाणेचे उपकर्णधारपद काढून घेण्यात आले. प्रत्यक्ष दौऱ्यात मात्र संघव्यवस्थापनाने अनुभवाला प्राधान्य दिले: रहाणे तिन्ही कसोटी खेळला आणि पदार्पणात शतक करणारा अय्यर बाहेर बसला. रहाणेने सहा डावांत १३६ धावा केल्या. भारताने मालिका १-२ अशी गमावली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रहाणे व चेतेश्वर पुजारा या दोघांनाही वगळण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात बंगळूरच्या प्रकाशझोतातील कसोटीत अय्यर ९२ व ६७ धावा करून सामनावीर ठरला.

या कथेचा शेवट येथे झाला नाही. २०२३ मध्ये अय्यरच्या पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे विश्व कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी रहाणेला परत बोलावण्यात आले. ओव्हल मैदानावर त्याने ८९ व ४६ धावा केल्या. त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात उपकर्णधार असताना तो अपयशी ठरला आणि पुन्हा बाहेर गेला. ८५ कसोटींत त्याच्या नावावर ५,०७७ धावा आहेत.

२०२४चा रणजी अंतिम सामना

मार्च २०२४ मध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबई व विदर्भ यांच्यात रणजी अंतिम सामना झाला. मुंबईचा कर्णधार रहाणे होता आणि त्या हंगामात त्याची बॅट फारशी चालली नव्हती. दुसऱ्या डावात त्याने ७३ धावा करून एकोणीस वर्षांच्या मुशीर खानबरोबर डाव उभारला. मुशीरने १३६, तर अय्यरने ९५ धावा केल्या. मुंबई १६९ धावांनी विजयी झाली व मुशीर सामनावीर ठरला. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील वेगवान गोलंदाज धवल कुलकर्णी याला या सामन्यात खेळवण्यात आले. पहिल्या डावात त्याने १५ धावांत ३ बळी घेतले आणि विदर्भाचा शेवटचा गडीही त्यानेच बाद केला. ज्येष्ठ व नवोदित यांचा मेळ घातल्याचे अलीकडचे यशस्वी उदाहरण म्हणून या सामन्याकडे पाहता येते.

जानेवारी २०२५: रोहित शर्मा आणि आयुष म्हात्रे

२०२४-२५च्या कसोटी हंगामात भारताचा कर्णधार रोहित शर्माचा सूर पूर्णपणे हरपला. बांगलादेशविरुद्ध ४२, न्यूझीलंडविरुद्ध ९१ आणि ऑस्ट्रेलियात ३१ अशा मिळून पंधरा डावांत त्याने १६४ धावा केल्या. ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या सिडनी कसोटीत तो स्वतःहून बाजूला झाला. नेतृत्व जसप्रीत बुमराहकडे गेले आणि मेलबर्नला वगळलेला शुभमन गिल संघात परतला. सामना चालू असतानाच्या मुलाखतीत रोहितने आपण निवृत्त होत नसून फॉर्म नसल्यामुळे हा निर्णय घेतल्याचे स्पष्ट केले.

या दौऱ्यानंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने खेळाडूंसाठी नवे नियम लागू केले. त्यांत राष्ट्रीय निवडीसाठी देशांतर्गत स्पर्धांत खेळण्यावर भर होता. परिणामी रोहित जवळपास दहा वर्षांनी मुंबईकडून रणजी सामना खेळण्यास उतरला.

या हंगामात मुंबईच्या डावाची सुरुवात सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे करत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणी करंडकातून प्रथम श्रेणी पदार्पण केल्यावर त्याने रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध १७६ व सेनादलाविरुद्ध ११६ धावा केल्या होत्या. डिसेंबरमध्ये नागालँडविरुद्ध एकदिवसीय स्थानिक सामन्यात १८१ धावा करून लिस्ट अ क्रिकेटमध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारा सर्वांत लहान फलंदाज होण्याचा विक्रम त्याने मुंबईच्याच यशस्वी जयस्वालकडून आपल्या नावावर केला. जम्मू आणि काश्मीरविरुद्धच्या सामन्यात रोहित व जयस्वाल हे दोघे सलामीवीर उपलब्ध झाल्याने म्हात्रेला अंतिम अकरांतून वगळण्यात आले.

वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर २३ जानेवारीला सुरू झालेल्या या सामन्यात मुंबईचा पहिला डाव १२० धावांत आटोपला. रोहितने ३ धावा केल्या. जम्मू आणि काश्मीरने २०६ धावा करून आघाडी घेतली. दुसऱ्या डावात रोहित (२८) व जयस्वाल (२६) यांनी अर्धशतकी सलामी दिली. पण मधली फळी कोसळली. पहिल्या डावात ५१ धावा करणाऱ्या शार्दूल ठाकूरने आता ११९ धावा करून, तनुष कोटियनच्या (६२) साथीने संघाला २९० पर्यंत नेले. जम्मू आणि काश्मीरने पाच गडी राखून तिसऱ्याच दिवशी विजय मिळवला.

या निवडीवर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. समर्थकांच्या मते भारताचा कर्णधार रणजी खेळण्यास तयार असताना त्याला बाहेर ठेवणे व्यवहार्य नव्हते आणि अशा खेळाडूंच्या सहवासाचा तरुणांना लाभ होतो. विरोधकांचे म्हणणे असे की हंगामभर धावा करणाऱ्याला केवळ नावांच्या वजनामुळे बाहेर बसवल्यास कामगिरीला अर्थ उरत नाही. सामन्याच्या निकालावरून यांपैकी कोणतीही बाजू सिद्ध होत नाही: रोहित दोन्ही डावांत मोठी खेळी करू शकला नाही हे खरे, पण म्हात्रेने त्या खेळपट्टीवर किती धावा केल्या असत्या हे सांगता येत नाही. पुढच्या मेघालयविरुद्धच्या सामन्यासाठी राष्ट्रीय संघातील खेळाडू उपलब्ध नसल्याने म्हात्रे संघात परतला.

त्यानंतरचा घटनाक्रम या प्रश्नाची गुंतागुंत दाखवतो. फेब्रुवारीत रोहितने कटक येथे इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात ११९ धावा केल्या आणि ९ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून भारताला विजेतेपद मिळवून दिले. कसोटीत ओसरलेला सूर एकदिवसीय क्रिकेटमध्ये शाबूत होता. २० एप्रिल २०२५ रोजी वानखेडेवर म्हात्रेने चेन्नई सुपर किंग्सकडून जखमी ऋतुराज गायकवाडच्या जागी आयपीएल पदार्पण केले व १५ चेंडूंत ३२ धावा फटकावल्या. त्याच सामन्यात मुंबई इंडियन्सच्या रोहितने नाबाद ७६ धावा करून आपल्या संघाला नऊ गडी राखून विजय मिळवून दिला. ७ मे २०२५ रोजी रोहितने कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ६७ कसोटींत त्याने ४,३०१ धावा व बारा शतके केली. त्याच्यानंतर कसोटी संघाचे नेतृत्व गिलकडे आले.

उलट बाजूची उदाहरणे

ज्येष्ठाला मोकळे करण्याचा निर्णयही चुकू शकतो. वसीम जाफरने २०१५ मध्ये मुंबई सोडून विदर्भाचा मार्ग धरला. विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. त्यांपैकी दुसऱ्या हंगामात चाळिशी ओलांडत असलेल्या जाफरने १,०३७ धावा केल्या. त्याच्या अनुभवाचा लाभ विदर्भाच्या तरुण फलंदाजांना झाला.

नवोदिताचे आश्वासक पदार्पण हीही हमी नसते. पृथ्वी शॉने रणजी (२०१७) व कसोटी (२०१८) या दोन्ही पदार्पणांत शतके केली. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला व पुढील वर्षी महाराष्ट्राच्या संघात गेला.

निवडीतील विचारणीय बाबी

संधीवाटपाचे सर्वमान्य सूत्र नाही. वरील उदाहरणांवरून पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात:

डावांची संख्या – मोजक्या डावांवरून ज्येष्ठाला बाद ठरवणे वा नवोदिताला प्रस्थापित मानणे धोक्याचे असते. रोहितच्या ऑस्ट्रेलियातील पाच डावांपेक्षा हंगामातील पंधरा डाव अधिक बोलके होते.

बाद होण्याची पद्धत – एकाच प्रकारच्या चेंडूवर वारंवार बाद होणे, पदलालित्य मंदावणे ही लक्षणे केवळ धावांच्या आकड्यांतून दिसत नाहीत. त्यांसाठी प्रशिक्षकाचे निरीक्षण लागते.

क्रिकेटचा प्रकार – एका प्रकारातील घसरण दुसऱ्या प्रकाराला लागू होतेच असे नाही.

संघातील इतरांची स्थिती – एकाच वेळी दोन-तीन फलंदाज अपयशी ठरत असतील तर प्रत्येकाला मुदतवाढ देणे संघाला परवडत नाही.

सहवासाचे मूल्य – ज्येष्ठाचा अनुभव तरुणाला उपयोगी पडतो तो दोघे एकत्र खेळतात तेव्हा. तरुण बाहेर बसल्यास त्याला हा लाभ मैदानावर मिळत नाही.

परतीचा मार्ग – वगळलेल्या खेळाडूला कारण समजले व पुढे काय करायचे हे सांगितले गेले, तर निर्णय स्वीकारणे सोपे जाते. हे ज्येष्ठाइतकेच नवोदितालाही लागू पडते.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये संधी विभागण्याचा एक प्रयोग झाला आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये लागू झालेल्या ‘इम्पॅक्ट खेळाडू’ नियमामुळे सामन्यादरम्यान एक खेळाडू बदलता येतो. २०२५च्या हंगामात रोहित अनेक सामन्यांत याच नियमानुसार केवळ फलंदाजीसाठी उतरला. या नियमामुळे अष्टपैलू खेळाडूंच्या गोलंदाजीच्या संधी घटतात, अशी टीका होते. खुद्द रोहितनेही २०२४ मध्ये या नियमाबद्दल नापसंती व्यक्त केली होती. रणजी व कसोटी क्रिकेटमध्ये हा नियम नाही.

नेतृत्वाचे हस्तांतरण

ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने नवा कर्णधार घडवण्याची हीच योग्य वेळ असल्याचे सांगून मुंबईचे नेतृत्व सोडले. खेळाडू म्हणून मात्र तो उपलब्ध राहिला. शार्दूल ठाकूर कर्णधार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्तीसगडविरुद्धच्या रणजी सामन्यात रहाणेने १५९ धावा केल्या. पद सोडणे आणि जागा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे यातून दिसते. ज्येष्ठ संघात राहून धावा करत असेल आणि निर्णयाची सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली असतील, तर संक्रमण एका फटक्यात न होता टप्प्याटप्प्याने घडते. बाहेर वाट पाहणाऱ्या फलंदाजाचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही, कारण जागा अकराच असतात.

हेही पहा

मुंबई क्रिकेट संघ
रणजी करंडक
कांगा साखळी क्रिकेट स्पर्धा
विजय मर्चंट
दिलीप सरदेसाई
अजिंक्य रहाणे
रोहित शर्मा
आयुष म्हात्रे